बाहुलीची नऊवारी आणि बाहुलीची कुर्ती

साडेअकरा इंचांच्या बाहुलीला नऊवारी नेसवायची, तर नऊ वारांचं काय करायचं? बार्बीच्या उंचीच्या बाहुल्या साधारण माणसाच्या एक षष्ठांश मापाच्या असतात. नऊ वार म्हणजे ८ मीटर २३ सेंटिमीटर. त्याला सहाने भागलं की १३७ सेंटिमीटर लांबी येते. पन्हा ४५ इंच धरला, तर तो बाहुलीसाठी १९ सेंटिमीटर होतो. हिशोब चोख आहे. पण तेवढं कापड आणून नेसवलंत, की बाहुली साडी नेसल्यासारखी न दिसता गोधडीत गुंडाळल्यासारखी दिसते.

कारण लांबी-रुंदीला सहाने भागता येतं, कापडाच्या जाडीला नाही. तीच मलमल आपल्या कमरेवर असते आणि तीच बाहुलीच्या कमरेवर. तिच्या अंगावरची एक घडी आपल्या अंगावरच्या सहा घड्यांइतकी जाड भासते. शिवाय आपली साडी स्वतःच्या वजनाने खाली पडते. बाहुलीच्या वीतभर कापडाला वजन जवळजवळ नसतंच, ताठरपणा मात्र तेवढाच राहतो, म्हणून निऱ्या खाली पडण्याऐवजी छत्रीसारख्या फुलतात. बाहुलीचे कपडे शिवताना ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: माणसाचा कपडा लहान करायचा नसतो, तो लहान अंगावर तसा दिसेल असा नव्याने बेतायचा असतो. पुढच्या सगळ्या युक्त्या याच्याच पोटातल्या आहेत.

काय शिवायचं? वसईत विषयांना तोटा नाही

पेहरावाच्या बाबतीत वसई-विरार हा श्रीमंत मुलूख आहे. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या पट्ट्यातल्या सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी घरांतल्या जुन्या बायकांचं लाल चौकड्यांचं लुगडं आहे. पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या कोळणींचं गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं लुगडं आहे. इतिहासात जायचं तर १५३४ ते १७३९ ही पोर्तुगीज अमदानी आहे, आणि १७३९च्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेणारे चिमाजी अप्पा आणि त्यांची फौज आहे. आजचं हवं असेल, तर कुर्ती-लेगिंग्ज आणि ओढणीत सकाळची विरार लोकल पकडणारी बाई आहेच.

पहिल्या प्रयत्नाला यातला एकच पेहराव घ्या आणि तो नेमका ठरवा. ‘पारंपरिक महाराष्ट्रीय’ असं काही नसतं. कोणत्या गावची, कोणत्या काळातली, किती वयाची बाई हे ठरलं की कापड, काठ, बाही, नेसण या बाबी आपोआप ठरत जातात. आजीचं लुगडं आणि नातीचं सणापुरतं नेसलेलं लुगडं यातही फरक असतो. गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारावं. ती नेसून दाखवत असेल, तर परवानगी घेऊन समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. मागचा फोटो हमखास राहतो आणि काष्टा नेमका तिथेच असतो.

जुन्या काळासाठी चित्रं धुंडाळावी लागतात. राजा रविवर्मांच्या चित्रांत नऊवारीतल्या स्त्रिया आहेत. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी १९२०च्या सुमारास निघालेल्या ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांची पेहरावासह रंगीत चित्रं काढली होती. मुंबईला जाणं झालं, तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय चुकवू नका. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयात वेगवेगळ्या समाजांच्या लोकांच्या छोट्या मातीच्या प्रतिमा आहेत, आणि पगड्या-पागोट्यांचे नमुनेही. छोट्या आकृतीवर पेहराव कसा दाखवायचा, कोणता तपशील ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे त्या कारागिरांकडून शिकण्यासारखं आहे. बुधवारी संग्रहालय बंद असतं. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिल्लीत असाल तर शंकर यांचं आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय पाहा. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी ते १९६५ साली उभं केलं. तिथे भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या पोशाखांतल्या बाहुल्या आहेत.

कापड: आधी बोटांनी, मग डोळ्यांनी निवडा

कापड चिमटीत धरून घडी घाला. घडी बसली आणि फुगली नाही, तर ते बाहुलीचं कापड. मलमल, व्हॉइल, कॅम्ब्रिक, आणि ब्लाउजसाठी मिळतं ते टू बाय टू रुबिया, ही चार नावं पुरेशी आहेत. रुबिया तर ब्लाउज शिवणाऱ्या कोणत्याही टेलरच्या दुकानात कात्रणांत पडलेलं असतं. पिशवीभर कात्रण मागा, आनंदाने देतील. वापरून वापरून मऊ झालेली सुती साडी, धोतर किंवा पुरुषांचे रुमाल नव्या कापडापेक्षा जास्त चांगले. लेस, बारीक जर आणि गोट हवे असतील, तर मरीन लाइन्सला उतरून भुलेश्वर आणि मंगळदास मार्केट गाठावं.

नक्षी हा दुसरा निकष. लुगड्यावरचा एक इंचाचा चौकडा बाहुलीवर जेमतेम चार मिलिमीटरचा हवा. खऱ्या लुगड्याचा तुकडा कापून बाहुलीला नेसवला, तर तिच्या छातीवर दोन-तीनच चौकोन बसतात आणि सगळी गंमत जाते. लाल बारीक चौकड्यांसाठी रुमाल आणि शर्टाचं कापड बघा. कोळणीच्या लुगड्यावर मोठी ठसठशीत फुलं असतात, बाहुलीसाठी मात्र लहान मुलांच्या झबल्याचं बारीक फुलांचं कापड शोधायचं. खणाची नक्षी मुळातच बारीक असते, त्यामुळे ती बाहुलीला शोभते. खण थोडा जाड असला तरी चोळीला अस्तर न लावता भागतं. तीन इंची काठाला अर्ध्या इंचाची बारीक लेस पुरते. ती काठावर दुमडून शिवू नका, सपाट ठेवून दोन्ही कडांना धावदोरा घाला.

लाल, मरून, काळा आणि गडद निळा हे रंग बाहुलीच्या प्लास्टिकवर उतरतात, आणि एकदा उतरले की निघत नाहीत. लाल लुगडं करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. कापड गरम पाण्यात साबणाने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ओलं कापड पांढऱ्या रुमालावर दाबून ठेवा. रुमालावर डाग आला, तर ते कापड अंगाला लागू देऊ नका, आत पांढऱ्या रुबियाचं अस्तर किंवा पेटीकोट घाला.

माप आणि नमुना

बाहुलीचं माप मिलिमीटरमध्ये घ्या. इंचाची टेप इथे कामाची नाही, कारण एक सूत इकडचं तिकडे झालं तरी चोळी बसत नाही. अंगालगतच्या कपड्यासाठी सोपी रीत अशी: बाहुलीच्या धडाला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म घट्ट गुंडाळा, वरून कागदी चिकटपट्टी लावा. पेनाने गळा, मुंढा, कंबर आणि बाजूची शिवण आखा. त्या रेषांवर हलक्या हाताने कापून ते कवच काढा आणि सपाट करा. जिथे ते सपाट होत नाही, तिथे टक्स घालावा लागेल. हा तुमचा नमुना. बाजूने पाच ते सहा मिलिमीटर माया सोडा.

एवढ्या लहान तुकड्याला एकच नियम: आधी टीप, मग कात्री. नमुना कापडावर आखा, दुहेरी कापडावर रेषेवरून टीप मारा आणि त्यानंतर माया ठेवून कापा. आधी कापलं तर कडा सुटतात आणि तुकडा हातातच विरून जातो. टीप मारून झाल्यावर माया तीन मिलिमीटरपर्यंत छाटा. कडेला पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल काडीने लावला की दोरे सुटत नाहीत.

मशीनला ९ किंवा ११ नंबरची सुई लावा, नेहमीची १६ नंबरची सुई मलमलीला भोकं पाडते. टाका दीड मिलिमीटरवर ठेवा. कापड मशीनच्या फटीत ओढलं जात असेल, तर खाली बटर पेपरचा तुकडा घाला आणि टीप झाल्यावर फाडून काढा. मशीन नसेल तर बारीक उलटी टीप हातानेच घाला. चोळीसारख्या कामात हाताचं शिवण जास्त सुबक येतं.

नऊवारी: नेसवलेली की शिवलेली?

बाहुली कपाटात ठेवायची असेल तर नेसवा, मुलीला खेळायला द्यायची असेल तर शिवा. दोन्हींची कृती वेगळी आहे.

नेसवायच्या साडीसाठी १३७ सेंटिमीटरचा आग्रह सोडा, मीटरभर लांबी पुरे. पन्हा कमरेपासून घोट्यापर्यंतच्या मापापेक्षा बोटभर जास्त ठेवा. वरची कड दुमडू नका, दुमडीने कंबर जाड होते. खालची कड मात्र अगदी बारीक तुरपा.

१. साबुदाण्याची पातळ खळ करा आणि साडी तिच्यात बुडवून पिळा. ओलसर असतानाच नेसवायला घ्या.

२. साडी बाहुलीच्या मागून पुढे आणा. एक टोक आखूड, दुसरं लांब ठेवा. बेंबीशी गाठ मारण्याऐवजी दोऱ्याने बांधा, गाठीचा उंचवटा बाहुलीवर लिंबाएवढा दिसतो.

३. लांब टोक मागून फिरवून उजव्या हाताखालून छातीवर घ्या आणि डाव्या खांद्यावर पदर टाका. पदर टाचणीने तात्पुरता अडकवा.

४. मध्ये उरलेल्या कापडाच्या दोन सेंटिमीटर रुंदीच्या पाच-सहा निऱ्या घाला. निऱ्यांचा वरचा भाग कमरेत न खोचता दोऱ्याने कमरेच्या कापडाला टाचा.

५. निऱ्यांच्या मधला खालचा काठ उचलून दोन पायांमधून मागे न्या आणि काष्टा कमरेशी टाचा. मागून काठाची सरळ रेघ दिसली पाहिजे.

६. निऱ्यांभोवती सैल दोरा गुंडाळून बाहुली रात्रभर वाळू द्या. सकाळी दोरा काढला की निऱ्या खाली पडलेल्या दिसतील, फुललेल्या नाही.

कोळणीच्या लुगड्याला रीत हीच, पण पन्हा गुडघ्यापर्यंतच. काष्टा चापून आवळायचा, आणि अंगावरची ओढणी वेगळ्या तुकड्याची. पायांमधून जाणारं कापड पातळ नसेल तर बाहुली पाय फाकून उभी राहते, म्हणून तिथे एकच घडी ठेवा.

शिवलेली नऊवारी म्हणजे खरं तर रुंद सुरवार. दोन पायांचे तुकडे, पुढे शिवलेल्या निऱ्यांची पट्टी, मागे काष्ट्याची पट्टी, आणि कमरेपासून निघणारा वेगळा पदर. कमरेला मागच्या बाजूने पूर्ण उघडं ठेवा आणि टिच बटण लावा. मुलीला तिच्या हाताने काढता-घालता आलं, तरच त्या साडीचा उपयोग.

चोळी, बाराबंदी, अंगरखा

जुनी चोळी पुढे गाठीची असते. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, ते पेशवाईतल्या बाईच्या अंगावर घालू नका. चोळीला मुंढा वेगळा कापण्यापेक्षा बाही आणि धड एकाच तुकड्यात कापा, काखेतला जाड जोड वाचतो. गाठीची टोकं फक्त दिसण्यापुरती ठेवा. खरा बंद पाठीमागे, लपवून.

मावळा किंवा पेशवाईतला शिपाई करायचा, तर बाराबंदी आणि अंगरखा इंग्रजी टी अक्षरासारख्या एकाच तुकड्यात बेतता येतात. पुढे एकावर एक येणारे दोन पल्ले, कडेला उरेब पट्टीचा गोट, आणि बंदांसाठी भरतकामाच्या दोऱ्याचा एकच पदर. बारा बंद खरोखर बांधत बसू नका, दोन पुरे. बाकीचे टाके घालून दाखवा. अंगरख्याचा घेर कळ्यांनी वाढवा, चुण्यांनी नाही. चुण्या कमरेवर जाडी आणतात.

पगडीसाठी कागदाच्या लगद्याचा किंवा थर्माकोलचा डोक्याच्या मापाचा साचा करा, त्यावर खळीत भिजवलेली उरेब पट्टी ओढून गुंडाळा. आज आपण जिला पुणेरी पगडी म्हणतो, ती न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्या छायाचित्रांमुळे ओळखीची झाली. १७३९च्या चिमाजी अप्पांना ती घातली, तर दीडशे वर्षांचा घोटाळा होतो. पोर्तुगीज सरदाराच्या बाबतीतही हेच. दोनशे वर्षांत त्यांचा पोशाख अनेकदा बदलला. आधी साल ठरवा, मग त्या सालाचं चित्र शोधा.

विरार लोकलची बाहुली

आधुनिक कपडे सोपे वाटतात, पण तिथे फिटिंग उघडं पडतं. कुर्तीचा क्रम असा ठेवा: आधी खांदे जोडा, सपाट असतानाच बाही लावा, गळ्याला अस्तर लावून उलटवा, खालची कड तुरपा, आणि शेवटी बाहीच्या टोकापासून घेरापर्यंत बाजूची एकच शिवण घाला. मोठ्यांच्या कुर्तीप्रमाणे बाजू आधी शिवून मग बाही बसवायला गेलात, तर मशीनचा पायसुद्धा आत जाणार नाही. पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवा. बाहुलीचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, गळ्यातून कपडा जात नाही. बोटं बाहीत अडकतात, तेव्हा घालताना हातावर प्लास्टिकचा तुकडा गुंडाळा.

लेगिंग्ज जुन्या मोज्यातून निघते. मोज्याचा ताण आडवा येईल असं कापा. टी-शर्टही त्यातूनच. जीन्ससाठी डेनिम वापरू नका, निळ्या शर्टाचं पातळ कापड घ्या आणि पिवळ्या दोऱ्याची टीप मारा. लांबून ती जीन्सच दिसते. ओढणीला रुबियाचा तिरका तुकडा घ्या, उरेबात कापड जास्त चांगलं पडतं.

पावसाळ्यात रेनकोट करा. मोडक्या छत्रीचं कापड पातळ असतं, कडांना फारसं सुटत नाही आणि पाणीही धरत नाही. फक्त त्याला टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात. कपड्यांच्या बारीक चिमट्यांनी धरून शिवा.

निगा, आणि विकायचं असेल तर

वसईची हवा दमट. पावसाळ्यात जर काळी पडते, लोखंडी हूक गंजून कापडावर डाग पडतात, सुती कापडावर बुरशी येते. पितळी किंवा प्लास्टिकची टिच बटणं वापरा. खळ केलेले कपडे पावसाळ्याआधी धुवून खळ काढून ठेवा, कारण खळीला किडे लागतात. बाहुली जुन्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या तिच्या शेजारी ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक चिकट आणि मऊ पडतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाहुलीला मणी, बटणं, टाचण्या काहीही नको, सगळं शिवलेलं हवं.

बचत गटातून बाहुल्या करून विकण्याचा विचार असेल, तर एक नियम माहीत असू द्या. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांची खेळणी विकायला भारतीय मानक ब्युरोची मोहोर लागते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा आधी नोंदणी करा, मग निर्मळच्या यात्रेत पाल टाका.

आणि एक काम पेहराव पूर्ण झाला की त्याच दिवशी करा. कागदाच्या चिठ्ठीवर गाव, कोणाच्या नेसणीवरून केलं तिचं नाव, अंदाजे काळ, कापड कुठून आलं आणि शिवणारीचं नाव लिहा, आणि ती चिठ्ठी बाहुलीच्या पेटीत ठेवा. लाल चौकड्यांचं लुगडं रोज नेसणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. त्यांना विचारून केलेल्या बाहुलीला ही माहिती जोडलेली असेल, तरच तिला कागदपत्राचं मोल येतं. चिठ्ठी नसेल, तर दहा वर्षांनी ती नुसती लाल साडीतली बाहुली उरेल.